धाडदिशी, धब अंत आणि बँग

प्रश्न : आमची मुलगी इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. तिच्या गोष्टीच्या पुस्तकात बँग, क्रॅश, स्मॅश, थड, स्नॅप, व्हॅक असे शब्द पानोपानी येतात. अर्थ विचारला की आम्ही प्रत्येक वेळी ‘जोरात आवाज झाला’ एवढंच सांगतो. मराठीत याला वेगवेगळे शब्द नाहीत का? आणि आमच्या शेजारच्या काकू कन्नडमध्ये ‘धब अंत बिद्दा’ म्हणतात, ते आपल्या ‘धपकन पडला’चंच भावंड आहे का? (एक पालक, निपाणी)

उत्तर : शब्द आहेत, आणि इंग्रजीपेक्षा कमी तर मुळीच नाहीत. फक्त ते वाक्यात दुसऱ्या जागी बसतात, म्हणून कोशात शोधायला गेलं की हाती लागत नाहीत.

इंग्रजीनं आवाजाचंच क्रियापद करून टाकलं आहे. दार ‘स्लॅम’ केलं म्हटलं की लावलं, जोरात लावलं आणि आवाज झाला, हे तिन्ही एका शब्दात आलं. मराठी क्रियापदाला साधंच ठेवते. दार लावलं, तांब्या पडला, काच फुटली. आवाजाचं काम ती शेजारच्या शब्दाकडे देते: धाडकन लावलं, ठणकन पडला, खळकन फुटली. म्हणून ‘स्लॅमचा मराठी शब्द कोणता?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळत नाही. मुलीला ‘धाडकन लावणं’ असं सांगा, चटकन समजेल.

‘कन’ हा एकटाच प्रत्यय नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) अशा शब्दांपुढे ‘कन, कर, दिनी, दिशी’ अशी सगळी भावंडं एकाच दमात दिलेली आढळतात. पुणेरी छापील मराठीनं त्यातलं ‘कन’ तेवढं ठेवलं. आपल्याकडं निपाणी-बेळगावात ‘दिशी’ अजून ठणठणीत आहे. ‘सायकलवरनं धाडदिशी पडला की ओ!’ हे वाक्य ऐकायला चिकोडी रोडवर फार वेळ उभं राहावं लागत नाही. मास्तरांनी ते वहीत ‘धाडकन’ करून घेतलं तरी मुलानं तोंडात ‘धाडदिशी’च ठेवावं, असं माझं मत.

आता नेमकेपणाचं बोलू. घरात एक प्रयोग करून बघा. स्टीलचा तांब्या शहाबादी फरशीवर पडू द्या, मग त्याच उंचीवरून धान्याची छोटी पिशवी टाका. तांब्याला कुणीही ‘धपकन’ म्हणणार नाही आणि पिशवीला ‘ठणकन’ म्हणणार नाही. का? तांब्याचा आवाज आदळल्यावरही घुमत राहतो. ‘ठण’मधला ण उच्चारताना तोंड बंद होतं तरी हवा नाकातून चालू राहते, म्हणजे शब्दही घुमतो. पिशवीचा आवाज तिथल्या तिथे मरतो आणि ‘धप’मधला प ओठ मिटून हवा तोडून टाकतो. दणकन, खणकन, टणकन हे सगळे घुमणारे. टपकन, खटकन, फटकन हे सगळे तुटणारे.

इंग्रजीतही हीच युक्ती आहे. बँग, क्लँग, पिंग यांच्या शेवटी नाकातला आवाज आणि घुमणं. क्रॅक, स्नॅप, टॅप, व्हॅक हे चट्‌कन तुटणारे. क्रॅश, स्मॅश, स्प्लॅश यांच्या शेवटचा ‘श’ लांबवता येतो. काचेचे शंभर तुकडे पसरताना किंवा पाणी उडताना होतो तसाच तो गोंधळाचा, पसरट आवाज. ही गोष्ट जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं (अनंताचं चिन्ह रूढ करणारा तो हाच) 1653 मध्ये आपल्या इंग्रजी व्याकरणात नोंदवली होती. क्रॅश, क्लॅश, स्लॅश यांतला ‘अ‍ॅश’ तीक्ष्ण आणि चपळ, तर क्रशमधला ‘अश’ बोथट आणि दबका, असं त्याचं निरीक्षण. लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात त्यानं असल्या घरगुती शब्दांसाठी जागा काढली, याचं मला कौतुक वाटतं.

मराठीकडे आणखी एक हत्यार आहे, स्वर लांबवण्याचं. कडी खटकन लागते, पण कानाखाली खाटकन बसते. फुगा फटकन फुटतो, ट्रकचा टायर फाटकन. नुसता अ चा आ केला की आवाज मोठा होतो. त्याच्याही पुढं जायचं असेल तर धडाड, कडाड. वीज कुणाच्याही तोंडी ‘कडकन’वर थांबत नाही.

काही शब्दांतला आवाज मात्र झिजून गेला आहे आणि उरली आहे नुसती घाई. पटकन ये, झटकन आवर, चटकन सांग. यात काहीच वाजत नाही. इंग्रजीत ‘क्रॅश कोर्स’मध्ये तरी कुठं काय आदळतं?

तोडफोडीच्या क्रियापदांत मात्र उलटा हिशेब आहे. तिथं इंग्रजीचं एक ‘ब्रेक’ बहुतेक सगळीकडं चालतं. आपल्याकडं मडकं फुटतं, काठी मोडते, दोरी तुटते. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘पेन्सिल फुटली’ म्हणू लागली की आजी हसते, ती याचसाठी. आणि इथंच तुमच्या शेजारच्या काकूंकडं लक्ष द्या. कन्नडमध्येही मडकं ‘ओडीतु’, काठी ‘मुरीतु’, दोरी ‘हरीतु’. तीन वस्तूंना तीन क्रियापदं, वाटणी जवळपास आपल्यासारखीच. फरक एवढाच की कापड फाटलं तरी कन्नड ‘हरीतु’च म्हणते, तिथं मराठी चौथं क्रियापद काढते.

‘धब अंत’बद्दल. ‘अंत’ म्हणजे ‘असं म्हणून’. म्हणजे काकू शब्दशः सांगतात, ‘धब म्हणून पडला’. मराठीतही ‘फट म्हणून आवाज आला’ असं आपण सर्रास बोलतो. तेव्हा भावंडं म्हणायला हरकत नाही, पण एकानं दुसऱ्याकडून उचललं असा निकाल देऊ नये. पडण्याचा आवाज दोघांनीही स्वतःच्या कानानं ऐकला आहे. मात्र असे शब्द घडवण्याची आणि वाक्यात रोवण्याची पद्धत भारतातल्या आर्य आणि द्राविड भाषांत इतकी सारखी आहे की मरे एमिनो या भाषाशास्त्रज्ञानं 1969 मध्ये त्यावर एक मोठा लेखच लिहिला. संस्कृतच्या अगदी जुन्या थरात हे शब्द तुरळक आणि द्राविड भाषांत मात्र उदंड, हा त्याच्या मांडणीतला महत्त्वाचा धागा.

आपल्या भागाचा दाखला तर त्याहून जवळचा. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध केला. तिथं घराघरांत कन्नड, मराठी, उर्दू अशा वेगवेगळ्या भाषा, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारानं वाक्यांची ठेवण इतकी एकसारखी झालेली, की एका भाषेतलं वाक्य जागच्या जागी शब्द बदलून दुसऱ्या भाषेत नेता यावं. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत हे गाव शिकवलं जातं. 1956 ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून काकू आणि तुम्ही एकाच ठेवणीत बोलत आला आहात.

तिन्ही भाषा एकत्र दाखवायच्या असतील तर बेळगावच्या शिवजयंतीला मुलीला घेऊन जा आणि फटाका दाखवा. मराठीत फटाका ‘फट’वरून, कन्नडमध्ये ‘पटाकी’ तशाच आवाजाची, इंग्रजीत ‘क्रॅकर’ हा ‘क्रॅक’वरून. माराच्या शब्दांचंही तसंच. फटका, दणका, धपाटा हे सगळे आवाजातूनच जन्मले. वर्तमानपत्रांना तर त्यांच्याशिवाय चैन पडत नाही. इंग्रजी मथळ्यात विरोधी पक्ष सरकारला ‘स्लॅम’ करतो, मराठी मथळ्यात न्यायालय महापालिकेला ‘दणका’ देतं. प्रत्यक्षात कुठंच काही वाजलेलं नसतं.

प्रश्न : गोकाकला इंग्रजीत ‘फॉल्स’ म्हणतात, कन्नड फलकावर ‘जलपात’. दोन्हींचा अर्थ पडणं. मग मराठीत ‘धबधबा’ का? (बेळगाव)

उत्तर : ‘जलपात’ हा शब्द संस्कृत वळणाचा. इंग्रजांनी आणि संस्कृत पंडितांनी पाण्याकडं पाहिलं, मराठी माणसानं ऐकलं. घटप्रभा नदी तिथं सुमारे 170 फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात बघायला जागा मिळण्याआधी ती कानांवर येते. एकच मोठा लोंढा आदळला असता तर शब्द वेगळा झाला असता. न थांबता आदळत राहतो म्हणून ‘धब’ दोनदा. टकटक, खडखड, धडधड यांत हाच नियम. उन्हाळ्यात गेलात आणि चार धारा दिसल्या तर शब्दाला दोष देऊ नका.

प्रश्न : ‘ढिशुम’ हा शब्द मराठी समजावा काय? (निपाणी)

उत्तर : हिंदी सिनेमातून आलेला पाहुणा आहे, आता घरचाच झाला. पण आवाज म्हणून तो खोटा. पाठीत खरा गुद्दा बसला तर ‘धप’ असाच आवाज येतो. खात्री करून घ्यायची असेल तर थोरल्या भावाची खोडी काढून बघा.