‘अलम्’ म्हणणारी गरज

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने ओढून नेल्याप्रमाणे, मनुष्य पापाकडे का जातो? भगवान उत्तरादाखल कामाचे नाव घेतात. त्याला ते ‘महाशन’ म्हणतात, म्हणजे ज्याचे खाणे फार मोठे असा. आणि पुढे ‘दुष्पूर अनल’ म्हणतात. या ‘अनल’ शब्दाची श्रीशंकराचार्यांनी केलेली फोड मननीय आहे. ज्याला ‘अलम्’ म्हणजे ‘पुरे’ असे कधी नाहीच, तो अनल.

गरज आणि कामना यांतील भेद या एका शब्दात सापडतो. भूक अन्न मिळताच ‘अलम्’ म्हणते, तहान पाण्याने शमते. कामना मात्र मिळाल्यावरच पुढचे मागू लागते. म्हणून वस्तूकडे पाहून निवाडा होत नाही. वैशाखात ज्या घरी तान्हे मूल वा वृद्ध माता आहे तेथे हवा गार करणारा कूलर ही गरजच होय. तो चालू असता शेजाऱ्याकडे अधिक किमतीचा आला म्हणून बदलावासा वाटणे, ही कामना.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत रुआबांधा नावाचा भाग आहे. या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. वरून लोहखनिज, कोक व चुनखडी, खालून तप्त हवेचा झोत, असे तिचे भक्षण अहोरात्र चालते. तरी तिला दुष्पूर म्हणता येणार नाही. तिचा प्रत्येक घास मोजलेला असतो, आणि तळातून लोखंड बाहेर येते. कामनेच्या भट्टीत घातलेल्याचे काय होते, हे ज्याचे त्याने पाहावे!

अशा वसाहतीत राहणाऱ्या गृहस्थाची परीक्षा अधिक कठीण असते. घरे हुद्द्याप्रमाणे मिळतात. एका रांगेतील घरे सारखी, वेतनेही बहुधा एकमेकांस ठाऊक. बाहेरून सारे समान असले म्हणजे दृष्टी आतील सामानाकडे वळते. ‘त्यांना परवडते, मग आपल्याला का नाही?’ या प्रश्नाला तेथे सहज उत्तर देता येत नाही.

कन्येच्या विवाहप्रसंगी तर हा प्रश्न फारच मोठा होतो. विवाह हे कर्तव्य आहे. आप्तेष्टांना सन्मानाने जेवू घालणे हेही योग्यच. परंतु पाहुण्यांची यादी शंभरावरून हजारावर जाते तेव्हा ती कोणाच्या भुकेसाठी वाढली? त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून जी रक्कम निघते तिच्यावर दुसऱ्या एका खऱ्या गरजेचा हक्क असतो. कारखान्याचे घर नोकरीपुरते असते. निवृत्तीनंतर पतिपत्नींना छप्पर हवे, औषधपाणी हवे. त्या दिवशी मंडपातील हजारांपैकी कोणी ते देणार नाही.

येथे कोणी शंका घेईल की, गीता पित्याची हौसही नाकारते काय? तसे नाही. सातव्या अध्यायात धर्माला अविरुद्ध असलेला काम हे भगवंतांनी आपलेच रूप सांगितले आहे. मुलीच्या अंगावर आपल्या कमाईचा एक दागिना पाहावा, ही इच्छा त्यात निःसंशय बसते. दागिना तेवढा कर्जाचा नसावा, आणि यादी करावयाच्या बैठकीत मुलीच्या आईलाही निधीतील शिल्लक ठाऊक असावी.