विमानतळ, टॅक्सी आणि न्याय्य भाडें

विद्यार्थीमित्रहो, काळ, काम व वेग यांचीं उदाहरणें आपण अंकगणितांत नित्य सोडवितों. परंतु त्यांतील काम करणाऱ्या मनुष्याचा विचार क्वचितच करितों. म्हणून आज व्यवहारांतील एक उदाहरण घेऊं. विमानानें आलेला प्रवासी टॅक्सीनें शहरांत जातो; त्यानें किती भाडें द्यावें?

प्रथम स्थळाची माहिती पाहूं. नांदेड येथें १७०८ सालीं गुरु गोबिंदसिंगजींचें देहावसान झालें. त्या घटनेस २००८ सालीं ३०० वर्षें पूर्ण झालीं; त्या निमित्तानें येथील जुन्या विमानतळाचा विस्तार झाला. तो आज गुरुजींच्याच नांवानें ओळखला जातो. पुढें २७ एप्रिल २०१७ रोजीं 'उडान' योजनेखालीं हैदराबाद-नांदेड विमानसेवा सुरू झाली. लातूरचा विमानतळ शहराबाहेर सुमारें १२ किलोमीटरांवर आहे. अशा लहान विमानतळांवर मुंबईप्रमाणें घटकोघटकीं विमानें उतरत नाहींत. सेवा कधीं चालू असते, कधीं खंडित होते. आपल्या उदाहरणाचें मर्म येथेंच आहे.

'टॅक्सी' हें 'टॅक्सीमीटर' या शब्दाचें संक्षिप्त रूप होय. हें यंत्र धांवलेलें अंतर मोजतें, आणि प्रवासी बसल्यावर गाडी थांबली तर तो वेळही मोजतें. परंतु प्रवासी येण्यापूर्वीं चालकानें काढलेली वाट आणि शहरांतून रिकामी आणलेली गाडी यांचा हिशेब तें ठेवीत नाहीं.

समजा, विमानतळ शहरापासून ८ किलोमीटर आहे, व गाडी चालविण्यास दर किलोमीटरास १२ रुपये पडतात. (हे आंकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.) प्रवासी म्हणतो, "८ गुणिले १२, म्हणजे ९६ रुपये." चालकाचा हिशेब निराळा असतो. रिकामें येणें व भरून जाणें मिळून १६ किलोमीटर, त्याचे १९२ रुपये, विमानाची वाट पाहण्यांत २ तास गेले, तासास ९० प्रमाणें त्याचे १८० रुपये, एकूण ३७२. दोघांचाही गुणाकार बरोबर आहे. भेद इतकाच कीं, एकानें केवळ रस्ता मोजला, दुसऱ्यानें दिवसही मोजला.

आतां उलट बाजू पाहा. तोच चालक जाणाऱ्या प्रवाशास घेऊन विमानतळावर आला, आणि अर्ध्या तासांत त्यास परतीचा प्रवासी मिळाला, तर रिकामी फेरी उरली नाहीं. हिशेब ९६ अधिक ४५, म्हणजे १४१ रुपये होतो. त्या वेळीं ३७२ मागणें न्याय्य नव्हे. परक्या मनुष्यास रस्ता ठाऊक नाहीं, म्हणून त्याजकडून अधिक घेणें हें तर उघड अन्याय होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें भाड्याचे दर ठरविण्याविषयीं निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारास दिला आहे. तथापि लहान शहरांत पुष्कळदां भाडें बोलीनेंच ठरतें. म्हणून प्रवाशानें बसण्यापूर्वींच विचारावें : भाडें माणशीं कीं साऱ्या गाडीचें? सामानाचे निराळे पैसे आहेत काय? परवान्याच्या गाडीची पाटी पिवळी व अंक काळे असतात. विजेच्या गाडीची पाटी हिरवी व अंक पिवळे असतात. तो क्रमांक टिपून घरीं कळवावा.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याचा दाखला आपणांस ठाऊक आहे. धन्यानें सकाळच्या मजुरांशीं मजुरी आधींच ठरविली होती. आणि जे सायंकाळपर्यंत बाजारांत उभे होते, ते आळशी म्हणून नव्हे, तर कोणीं काम दिलें नाहीं म्हणून उभे होते. त्यांच्याही घरीं चूल होतीच. विमानतळाच्या दारीं ताटकळणाऱ्या चालकाची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. आपल्याच वर्गांतील एखाद्याचे वडील त्या रांगेंत उभे असतील. ठरलेलें भाडें मुक्कामीं पोहोंचल्यावर कमी करूं नये, व वाढवूंही नये; दोघांचाही मान त्यांतच राहतो.

अभ्यास
१. वरील ३७२ रुपये तीन प्रवाशांनीं वांटून घेतल्यास प्रत्येकीं किती येतील?
२. विमान एक तास उशिरां आलें, तर वाट पाहण्याचे पैसे कोणीं सोसावे? कारणें द्या.
३. घरीं वडिलांस विचारून, आपल्या गांवीं भाडें ठरविण्याची रीत पांच ओळींत लिहा.