गुलाबाची पाने पिवळी पडली? आधी मर्ज ओळखा, मग इलाज करा

आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू घराच्या परसात, गच्चीवर किंवा कारखान्याच्या आवारात हौसेने गुलाब लावतात. काही घरांत या फुलांचा गुलकंद करून विकलाही जातो, म्हणजे चार पैशांची बाब त्यात आहेच. पण पाने पिवळी पडू लागली की आपण घाबरून जी बाटली हाती येईल ती फवारतो.

मीही हेच केले. सोलापुरात माझ्या घरामागे 20 कलमे होती. एका पावसाळ्यात पाने पिवळी पडली. खत कमी पडले असे समजून मी युरिया टाकला आणि पाणीही चालू ठेवले. 11 कलमे गेली. उपटून पाहिली तेव्हा मुळे काळी व कुजलेली, मातीला घाण वास. झाड बुडत होते आणि मी त्याला आणखी पाणी पाजत होतो.

कापडाच्या ताग्यात दोष दिसला तर तो ताण्यात आहे की बाण्यात, काठाला आहे की मध्ये, हे आपण आधी पाहतो. गुलाबाचेही तसेच. तीन प्रश्न विचारा: पिवळे पान खालचे की शेंड्याचे? शिरा हिरव्या की त्याही पिवळ्या? पानावर ठिपके आहेत काय?

1) खालची एक-दोन जुनी पानेच पिवळी : हा आजार नाही. पान म्हातारे झाले की गळते. काही करू नका.

2) खालून सुरुवात, संपूर्ण पान फिके, वाढ खुंटलेली : नत्राची कमतरता. कुजलेले शेणखत घाला. घाई असल्यास 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम युरिया विरघळवून ओल्या मातीत द्या.

3) खालच्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारा.

4) शेंड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या : लोहाची कमतरता. सोलापूरकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत व बोअरच्या जड पाण्यावर हा प्रकार फार. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. म्हणून हिराकस नुसते मातीत टाकले तर तेही अडकून पडते. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस व 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीतूनच द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह घ्या. ईडीटीए प्रकार अशा जमिनीत फारसा टिकत नाही.

5) झालरीसारख्या कडांचे काळे डाग, भोवती पिवळेपणा, मग पानगळ : ही बुरशी. पान सात-आठ तास ओले राहिले की ती रुजते. म्हणून पाणी सकाळी व बुंध्याशी द्या. गळलेली पाने वेचून नष्ट करा. पावसाळ्यात मॅन्कोझेब 2 ग्रॅम प्रति लिटर, 10 दिवसांच्या अंतराने फवारा.

6) धुळीसारखे बारीक फिके ठिपके, पानाखाली जाळी : उन्हाळ्यातील लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे कण दिसले की खात्री झाली. तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारा. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे साध्या कीटकनाशकाने तो सहसा मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. पूर्वी यावर वापरले जाणारे डायकोफॉल 2023 साली बंद झाले आहे. जुनी बाटली कोणी देऊ केली तर घेऊ नका.

7) माती ओली, तरी पाने पिवळी व मलूल : मुळे गुदमरली आहेत. माझी चूक येथेच झाली. पाणी व खत दोन्ही थांबवा. कुंडीचे भोक मोकळे करा. वाफ्यात चर काढा. बोट दोन इंच मातीत घालून कोरडे लागले तरच पुन्हा पाणी द्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इलाज आधी एकाच झाडावर करा व 8-10 दिवस थांबा. पिवळे झालेले जुने पान बहुधा पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून नवी पालवी कशी येते ते पाहा. दुसरे, ज्या झाडावर औषध फवारले त्याची फुले गुलकंदाला वापरू नका. खाण्याच्या फुलांची झाडे वेगळीच राखा.

लक्षणांवरून उलगडा होत नसेल तर माती परीक्षण करून घ्या. त्याचा खर्च 11 कलमांच्या नुकसानीपेक्षा कमीच येतो.