एकट्याची डिंगी : शीड आणि खलाशाचे वजन

बंगळूर शहराच्या ऐन वस्तीत हलसूर नावाचा तलाव आहे. त्याचा विस्तार सुमारे ५० हेक्टर असून मध्ये लहान लहान बेटे आहेत आणि काठावर मद्रास इंजिनिअर ग्रुप या सैन्यदलाचे केंद्र आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही या दलाच्या जवानांनी या पाण्यावर शिडाच्या होड्या चालविण्याची परंपरा जोपासली आहे. १९८५ ते १९८७ या काळात सैन्यातील इंजिनिअर दलाच्या अधिकाऱ्यांनी ज्या 'तृष्णा' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचेच नाव येथील नौकानयन मंडळाने धारण केले आहे. अशा तलावावर शिकणाऱ्या मुलापुढे पहिल्याच वर्षी एक प्रश्न उभा राहतो : आपल्या अंगाच्या मानाने शीड केवढे घ्यावे?

मोठ्या गलबताला हा प्रश्न इतक्या तीव्रतेने भेडसावत नाही. त्याच्या तळाशी दगड अथवा माल भरलेला असतो आणि तो भार त्याला सरळ ठेवतो. एकट्याने चालविण्याच्या डिंगीत असा भार मुळीच नसतो. वारा शिडाला एका बाजूस लोटतो आणि होडी कलू लागते. तिला सावरण्यासाठी खलाशी तळातील पट्ट्यात पाय अडकवून वाऱ्याच्या बाजूच्या काठाबाहेर पाठ झोकून देतो. म्हणजे होडीचे नीरम, तिचा नाखवा आणि तिचा सगळा खलाशीवर्ग ही एकच व्यक्ती होय.

ही क्रिया तरफेची आहे. आकडे घेतले म्हणजे ती स्पष्ट होईल. ब्रूस कर्बी यांनी आखलेली आणि १९७१ पासून 'लेझर' नावाने प्रसार पावलेली डिंगी घेऊ. २०१९ पासून तिला 'इल्का' म्हणतात. तिचे रिकामे सांगाडे सुमारे ५९ किलोग्रॅम भरते आणि मोठ्या शिडाचे क्षेत्रफळ ७.०६ चौरस मीटर असते. चालत्या होडीवर सेकंदाला साडेसात मीटर वेगाचा वारा जाणवत असेल, तर समुद्रसपाटीवर शिडाच्या दर चौरस मीटरवर अदमासे ४ किलोग्रॅम भार पडतो. सबंध शिडावर तो २९ किलोग्रॅमच्या आसपास होतो. हा भार पाण्याखालच्या फळीपासून सुमारे २.७ मीटर उंचीवर लागतो, असे धरल्यास कलविणारे परिबल ७८ होते. उलट, खलाशाचा गुरुत्वमध्य होडीच्या मध्यरेषेपासून साधारण १ मीटर बाहेर जातो. तेव्हा ही होडी सपाट ठेवण्यास ७८ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य हवा. हे आकडे ढोबळ आहेत. शिडाची ठेवण आणि खलाशाची उंची यांप्रमाणे ते थोडे बदलतील. तरीही या शिडावर यशस्वी होणारे पुरुष बहुधा ८० किलोग्रॅमच्या आगेमागे का असतात, हे त्यांवरून उमगते.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट मात्र नवख्याच्या ध्यानात लवकर येत नाही. साडेसात मीटरचा वारा झुळकीत नऊ मीटर झाला, तर वेग एकपंचमांशाने वाढला असे वाटते. दाब मात्र जवळजवळ दीडपट होतो. तेथे ७८ किलोग्रॅमचाही माणूस पुरत नाही. त्याला शिडाचा दोर ढिला सोडून वारा वाया घालवावा लागतो, आणि वाया गेलेला वारा म्हणजे गमावलेला वेग.

म्हणूनच या होडीला तीन शिडे दिलेली आहेत : ७.०६, ५.७६ आणि ४.७० चौरस मीटरची. सांगाडे, सुकाणू, फळी आणि डोलकाठीचा वरचा तुकडा तिन्हींना समान. बदलतो तो डोलकाठीचा खालचा तुकडा. सर्वांत लहान शिडाचा हा तुकडा किंचित मागे वाकविलेला असतो. शीड लहान केले म्हणजे त्याच्या दाबाचा मध्य पुढे सरकतो आणि होडी सुकाणू ऐकेनाशी होते. तो मध्य परत जागेवर आणण्याची ही युक्ती आहे. साधी, पण फार चतुर.

८० किलोग्रॅमचा मनुष्य मोठ्या शिडास, ६५ चा मधल्यास आणि ५३ चा लहानास योजला, तर तिन्हींत दर चौरस मीटरमागे ११ किलोग्रॅमहून थोडे अधिक वजन येते. ऑलिंपिकमध्ये मोठे शीड पुरुषांसाठी आणि मधले स्त्रियांसाठी आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मोठ्या शिडावर विष्णू सरवणन अठरावे आले आणि मधल्या शिडावर नेत्रा कुमनन एकविसाव्या. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत विष्णू यांना कांस्यपदक मिळाले, तर भोपाळच्या तलावावर तयार झालेल्या नेहा ठाकूर हिने लहान शिडावर मुलींत रौप्यपदक मिळविले. लहान शीड म्हणजे कमीपणा, असा समज क्रीडांगणावर आढळतो. तो निराधार आहे.

आता बंगळूरची गोष्ट. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्यामुळे तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. वेग तोच असला, तरी त्या वाऱ्यात तितका जोर नसतो. ७.०६ चौरस मीटरचे शीड हलसूरवर मुंबईतील ६.४ चौरस मीटरच्या शिडासारखे वागते. वरच्या उदाहरणातील ७८ चे परिबल येथे ७१ होते, आणि ७१ किलोग्रॅमचा तरुण मोठे शीड सहज पेलतो. पुढे तोच तरुण मुंबईच्या खाडीत उतरतो, तेव्हा त्याच वेगाच्या वाऱ्यात त्याला ७ किलोग्रॅम वजन कमी पडते. 'समुद्रावर याचा धीर सुटतो' असा शेरा मारण्यापूर्वी शिक्षकाने हा हिशेब करावा. खडकवासल्याच्या जलाशयावर शिकणाऱ्यांनाही तो लागू आहे, जरी तेथील उंची कमी असल्याने फरक थोडा लहान पडतो.

अर्थात हलसूरवर वाऱ्याचा खरा खोडसाळपणा वेगळाच आहे. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा जोराने वाहतो. पण झाडे आणि उंच इमारती यांमधून येताना तो तुटक होतो. एका क्षणी शीड लोंबते, पुढच्या क्षणी होडी आडवी होते.

वारा मंद असताना हिशेब उलटतो. तेव्हा कलण्याचे भय नसते आणि वजन म्हणजे केवळ ओझे. होडी व खलाशी मिळून ८० किलोग्रॅमच्या माणसाला मोठ्या शिडाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे २० किलोग्रॅम ओढावे लागतात, तर ५३ किलोग्रॅमच्या मुलाला लहान शिडावर जवळजवळ २४. सांगाडे काही मुलाबरोबर लहान होत नाही. त्यामुळे मंद वाऱ्याच्या दिवसांत हलक्या मुलाला मोठ्या शिडाचा मोह पडतो, आणि तो अगदीच अशास्त्रीय नाही. झुळूक आली की मात्र त्याची किंमत द्यावी लागते.

वजन कमी पडले की ते वाढविण्याची धडपड सुरू होते. एके काळी खलाशी ओले लोकरी कपडे आणि पाण्याने भरलेली जाकिटे घालून शर्यतीत उतरत; त्याने पाठीचे कणे दुखावले. आजच्या नियमांनुसार वजन वाढविण्याच्या हेतूने काहीही अंगावर बाळगता येत नाही, आणि अंगावरील कपडे व साधने यांनाही ८ किलोग्रॅमची मर्यादा आहे. काही होड्यांच्या वर्गांत ती १० पर्यंत वाढविता येते. उरतो तो आहाराचा मार्ग. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शिडासाठी बळेच खाऊ घालणे अथवा उपाशी ठेवणे, हे दोन्ही आमच्या मते गैर आहे. डोलकाठीचा तुकडा आणि शीड बदलता येते. वाढत्या मुलाचे शरीर तसे बदलता येत नाही.

वजनाइतकीच उंचीही मोलाची आहे आणि ती मोजण्यास एक फळी व एक वजनकाटा पुरतो. २ मीटर अंतरावरील दोन टेकूंवर फळी आडवी ठेवावी. एक टेकू काट्यावर असावा. रिकाम्या फळीचा आकडा टिपून मुलाला तीवर उताणे निजवावे, टाचा दुसऱ्या टेकूच्या बरोबर वर. ६४ किलोग्रॅमच्या मुलामुळे काट्यावर ३० किलोग्रॅमची भर पडली, तर त्याचा गुरुत्वमध्य टाचांपासून ३० × २ ÷ ६४, म्हणजे सुमारे ९४ सेंटिमीटरवर आहे. समान वजनाच्या दोन मुलांत ज्याचा हा आकडा मोठा, तो काठाबाहेर अधिक दूर पोचतो. १० सेंटिमीटरचा लाभ ६ किलोग्रॅम वजनासारखा कामी येतो. होडीत गुडघे आणि कंबर वाकलेली असल्यामुळे सगळे अंतर पदरात पडत नाही, तेव्हा हा आकडा तुलनेपुरताच वापरावा आणि मूल वाढते आहे तोवर दर सहा महिन्यांनी नव्याने मोजावा.