भोकरच्या माळावर पाणी कुठं वळतं?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभं राहिलं की पाण्याची वाटणी डोळ्यांना दिसते, एका अंगाला कोकण आणि दुसऱ्या अंगाला देश. नांदेड-लातूरकडे अशी कड नाही. इथला जलविभाजक म्हणजे हळूहळू चढत गेलेला माळ. गाडीतून जाणाऱ्याला तो कधी ओलांडला हे कळतही नाही. म्हणूनच तो पायी शोधावा.

सुरुवात भोकरपासून करा. नांदेडहून मुदखेडमार्गे रेल्वे आहे, एसटीही आहे. भोकरचं पाणी सुधा नदीतून तेलंगणात शिरतं आणि गोदावरीला मिळतं. हिमायतनगरच्या दिशेने चालताना प्रत्येक मोरीपाशी थांबून पाणी कुठं निघालंय ते बघा. आधी ओढे दक्षिणेचा उतार धरून असतात. मग चढावर मोऱ्या विरळ होतात, ओढ्यांच्या नुसत्या घळी उरतात. पुढचे ओढे उत्तरेला, पैनगंगेकडे उतरू लागले की विभाजक मागे पडला म्हणून समजा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा सोबत हवाच. त्यात निळ्या रेघा दोन्ही बाजूंनी येऊन जिथं संपतात, त्या मधल्या कोऱ्या पट्ट्यातून चालायचं.

या पट्ट्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस पैनगंगेतून वर्धेला, वर्धेतून प्राणहितेला जातो आणि सिरोंचासमोर कालेश्वरमला गोदावरीत येतो. दक्षिणेचं पाणी तिथं आधीच गोदावरीतून आलेलं असतं. शेजारच्या दोन शेतांतलं पाणी इतका वळसा घेऊन पुन्हा भेटतं, हे मला या भागातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं.

दुसरा दिवस इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडासाठी ठेवा. काळ्या कातळावरून पैनगंगा कितीतरी धारांनी कोसळते. मात्र वर इसापूर धरण आहे. दारं उघडली की इथं ऊन असतानाही पाणी चढतं, त्यामुळे पात्रातल्या खडकांवर उतरू नका.

लातूरची गोष्ट वेगळी. हा जिल्हा मांजरेचा. उदगीरजवळचं हत्तीबेट चढा. भोवती दिसणारं सगळं पाणी शेवटी मांजरेलाच जातं. ती मात्र थेट गोदावरीकडे वळत नाही. आग्नेयेला बिदरमार्गे तेलंगणात जाते, तिथं उत्तरेला वळून निजामसागरातून पुढे नांदेडची सीमा धरते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. कृष्णेचं खोरं सुरू होतं ते तुळजापूरकडच्या बालाघाटावर. तुळजापूरचा घाट उतरणारं पाणी भीमेतून कृष्णेकडे जातं, तेरणा नदीचं मांजरेकडे. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, कृष्णाकाठच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत 10 वाघिणींतून 5 लाख लिटर आलं. कृष्णेचं पाणी हा विभाजक ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आलं, ते रुळांवरून.

ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, ओढे वाहते असतात, म्हणून उतार वाचता येतो. जोराचा पाऊस झाला असेल तर काळ्या रानातली वाट टाळा, चिखल बुटाला धरून बसतो. उघड्या माळावर विजेला आडोसा नसतो; ढग गडगडू लागले की माथा सोडून खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेतातून जाण्याआधी मालकाला विचारा, बांध तुडवू नका. पडलेलं पाणी शेतात अडतं ते त्या बांधामुळेच.