नांगर उचलण्याआधी

भाच्या, बोट तुझ्या नावावर झाली, परवाना हातात आला, इंजिनाचं कर्जही डोक्यावर आलं. आता मालवणच्या किल्ल्यामागे स्कूबा-स्नॉर्कलची गिऱ्हाइकं घेऊन जाशील. वारा, भरती-सुकती, खडप यातलं तुला मी काही शिकवायला नको, ते तू शाळा बुडवून शिकलास. निघताना सगळे बोटीवर आहेत की नाहीत हे कसं ठरवायचं, तेवढं मात्र माझ्याकडून ऐक.

‘सगळे आले का?’ असं कधीही विचारू नकोस. वऱ्हाडाच्या बसमध्ये हा प्रश्न विचारतात, सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि आत्या धाब्यावर राहते. जो राहिला त्याला उत्तर देता येत नाही, एवढं साधं आहे ते.

डोकीही मोजू नकोस. मोजणाऱ्याच्या मनात आकडा आधीच बसलेला असतो आणि डोळे तो जमवून देतात. ऑस्ट्रेलियात २५ जानेवारी १९९८ ला ग्रेट बॅरियर रीफवर एक बोट टॉम आणि आयलीन लोनर्गन या अमेरिकन जोडप्याला पाण्यात ठेवून पोर्ट डग्लसला परत आली. मोजणी केली होती बरं का! मोजणी चालू असताना दोघं जण पुन्हा पोहायला उतरले आणि त्या गोंधळात हिशेब जुळला असं धरलं गेलं, असं कोर्टात सांगण्यात आलं. दोन दिवसांनी बोटीवर पडून असलेल्या त्यांच्या पिशवीकडे लक्ष गेलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. ते दोघं सापडले नाहीत. कप्तानावर खटला चालला, तो निर्दोष सुटला. त्यानंतर क्वीन्सलँड सरकारने मोजणीचे नियम कडक केले.

म्हणून नावं घे. किनाऱ्यावरच वहीत लिही, पेन्सिलीने. पेनची शाई ओल्या हाताखाली पसरते आणि नेमकं हवं तेच नाव वाचता येत नाही. पेन्सिल वहीला दोरीने बांध, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. मे महिन्यात एका फेरीत तीन पाटील निघतात, तेव्हा आडनावावर भागवू नकोस. आपल्या डाइव्ह-मास्तरांची आणि बोटीवरच्या पोरांचीही नावं त्यात हवीत, आपलं माणूस मोजायचं राहतं ते घरचं म्हणूनच. नाव पुकारलं की त्याच माणसाने ओ द्यायची आणि तू त्याचं तोंड बघायचं, मग खूण. नवरा म्हणाला ‘ती मागे कपडे बदलतेय’, तर मागे जाऊन आवाज दे. लोक चिडतात. चिडू देत.

खोटी खूण ही न केलेल्या खुणेपेक्षा वाईट. २००४ साली कॅलिफोर्नियात एक डायव्हर प्रवाहाने बोटीपासून लांब वर आला. यादीत मात्र तो हजर. बोट दुसऱ्या जागी गेली, तिथल्या डाइव्हलाही त्याच्या नावापुढे नोंद झाली. माणूस नाही हे कळल्यावर शोध घेतला तो त्या दुसऱ्या जागी, आणि तो बिचारा पहिल्या जागेच्या आसपास धुक्यात तरंगत होता. काही तासांनी एका शिडाच्या जहाजावरच्या स्काऊट मुलाला तो दिसला म्हणून वाचला.

नावं घेऊन झाल्यावर कुणी ‘एकच उडी’ म्हणून पाण्यात गेला, तर तो वर आल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून. मधूनच नाही. आणि वही ज्याच्या हातात त्याच्या हातात सुकाणू नको. यादी पुरी झाल्याचं त्याने तोंडाने सांगेपर्यंत तू चावी फिरवायची नाहीस. खाली माणूस असताना पंखा फिरला तर काय होतं ते तुला ठाऊक आहे.

आपल्याकडे स्कूबावाल्याला मास्तर हाताला धरून नेतो आणि आणतो, त्यामुळे तो सहसा हरवत नाही. लक्ष ठेव स्नॉर्कलवाल्यांवर. जाकीट घालून, तोंड पाण्यात खुपसून ते मासे बघत लांब जातात आणि दुसऱ्याच्या बोटीवर चढून चहा पीत बसतात. असा कुणी तिकडे आहे म्हणून निरोप आला तर फोनवर त्याचा आवाज ऐकल्याशिवाय खूण करू नकोस. पुढे कधी शिकलेले, कार्डवाले डायव्हर घेऊन आंग्रिया बँकेला किंवा नेत्राणीला गेलास, तर जोडीदारांची नावं, खाली गेल्याची वेळ आणि वर यायची वेळ, तिन्ही लिही. प्रत्येकाकडे शिट्टी आणि नारिंगी फुगा असल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नकोस. लाटेत माणसाचं डोकं शंभर हातांवरून दिसत नाही, फुगा दिसतो.

जेटीला लागलास की चपला बघ. बोटीत चढताना सगळे त्या काढून कोपऱ्यात ठेवतात. एक जोड उरला तर तो कुणाचा ते कळेपर्यंत दुसरी फेरी भरू नकोस. बहुतेक वेळा कुणी पोर अनवाणीच नारळपाण्याच्या गाडीकडे पळालेलं असतं.

आणि खरंच एक नाव उरलं तर? जीपीएसवर जागा आणि वहीत वेळ टाक. दोरी बांधलेला बोया तिथेच सोड. इंजिन बंद करून सगळ्यांना गप्प बसव आणि शिट्टी येते का ऐक. मग प्रवाह जिकडे ओढतो तिकडे शोध. शेजारच्या बोटींना हाक मारायला लाजू नकोस, गिऱ्हाइकांत बोभाटा होईल म्हणून थांबूही नकोस. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, वायरलेसवर चॅनेल १६. दोन्ही सुकाणूजवळ रंगाने लिहून ठेव आणि उद्या पहिल्या फेरीआधी खलाशांकडून पाठ म्हणवून घे.