जुन्नरची वाट आणि समुद्राची वाट

जुन्नर शहराच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले म्हणजे कातळात कोरलेली लेण्यांची रांग दृष्टीस पडते. भाविक यात्रेकरू सातव्या लेण्यात गिरिजात्मजाच्या दर्शनास जातात. शेजारच्या सहाव्या लेण्याकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. ते बौद्ध भिक्षूंचे चैत्यगृह होय. कल्याणच्या सुलसदत्ताने, हेरणिकाच्या पुत्राने, हे चैत्यगृह दान दिले, असा ब्राह्मी लिपीतील लहानसा लेख तेथे आहे.

कल्याण तर खाली कोकणात, उल्हास नदीच्या खाडीवर! तेथील माणसाने घाटमाथ्यावर येऊन एवढे मोठे दान का करावे? याचे उत्तर जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे 30 किलोमीटरांवर असलेल्या नाणेघाटात सापडते. पैठण व जुन्नर येथून निघालेले तांडे हा घाट उतरून कल्याण, सोपारा या बंदरांकडे जात. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवितात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशा तीन यवनांचीही दाने कोरलेली आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. पश्चिमेकडील परक्या लोकांना त्या काळी यवन म्हणत.

हे दळणवळण वाऱ्याच्या भरवशावर चाले. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. त्याच्या अखेरीस मिसर देशाची गलबते आपल्या किनाऱ्यास लागत. हिवाळ्यात वारा उलटला की ती परत फिरत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात सोपारा, कल्याण व चौल या बंदरांची नावे आली आहेत. कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे तेथील सत्ताधारी पहाऱ्यात भडोचला पाठवितात, अशी तक्रारही त्यात आहे. म्हणजे राजांची अडवणूक तेव्हाही होतीच. पण ती बंदरापुरती होती.

यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी पोर्तुगीज आले. बार्तोलोमेउ दियास याने 1488 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घातला. 8 जुलै 1497 रोजी वास्को द गामा लिस्बनहून निघाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदी बंदरात त्याला वाट जाणणारा नावाडी मिळाला, आणि वाराही अनुकूल होता. त्यामुळे एका महिन्याच्या आत, 20 मे 1498 रोजी, तो कालिकतजवळ पोहोचला. परत जाताना मात्र त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या आरंभी त्याने कारवारजवळचे अंजदीव बेट सोडले, आणि तोच समुद्र ओलांडण्यास त्याला जवळजवळ तीन महिने लागले. अनेक खलाशी रोगाने मेले. माणसे उरली नाहीत म्हणून एक जहाज स्वतःच्या हातांनी जाळावे लागले! युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून येण्याची वाट त्याने खरोखरच नवी काढली, आणि त्याचे धाडस थोर होते यात शंका नाही. परंतु मालिंदीपासून पुढची वाट आपल्याकडील, अरबस्तानातील व आफ्रिकेतील नावाड्यांच्या रोजच्या पायाखालची होती.

पोर्तुगिजांनी खरी नवी गोष्ट आणली ती वेगळीच. भर समुद्रावरही आपली सत्ता आहे, असे ते म्हणू लागले. त्यांचा परवाना घेतल्यावाचून कोणी जहाज हाकारू नये, असा त्यांचा दंडक होता. या परवान्यास कार्ताझ म्हणत. जहाज कोठे जाणार, त्यावर माल कोणता, शस्त्रे किती, हे सारे त्यात लिहिलेले असे. परवाना नसल्यास जहाज मालासकट जप्त होई. निजामशाही, आदिलशाही, इतकेच काय, अकबर बादशहाच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. या राजांची घोडदळे मोठी होती. पण तोफांनी सज्ज अशा गलबतांपुढे घोडदळ काय करणार?

जुन्नरच्या वाटेवरही त्यांचा हात पडला. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांनी वसई मिळविली. कल्याणच्या खाडीचे पाणी वसईपाशीच समुद्रास मिळते, हे नकाशात अवश्य पाहा. सुलसदत्ताच्या गावाहून समुद्राकडे निघालेले गलबत आता वसईच्या तोफांसमोरून जाऊ लागले.

लेण्याद्रीच्या समोर, जुन्नरला लागून शिवनेरी किल्ला आहे. तेथे 1630 मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला. 1657 मध्ये त्यांनी कल्याण व भिवंडी घेतली, आणि लवकरच तेथे लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ केला. त्या कामावर असलेले पोर्तुगीज कारागीर पुढे काम टाकून निघून गेले. त्यांच्यावाचूनही आरमार उभे राहिलेच. वसईचा किल्ला मात्र अजून पोर्तुगिजांकडेच होता. चिमाजी अप्पांनी मोठ्या वेढ्यानंतर मे 1739 मध्ये तो घेतला, तेव्हा खाडीच्या तोंडावरचा पोर्तुगिजांचा दोनशे पाच वर्षांचा पहारा उठला.